मामाचे दोन नंबर

आमच्या केंद्राची स्मरणिका निघणार आहे. तिच्यासाठी ‘आपल्याकडे संगणक कसा आला’ या विषयावर चार पानं लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं. तुम्ही सगळ्यांत जुन्या, तुम्हालाच सगळं आठवतं, असं म्हणून हरभऱ्याच्या झाडावरही चढवलं. मला आठवतं, हे खरं आहे. दुखणं तेच आहे. मी चार पानं लिहून दिली. ‘सूर जरा सकारात्मक ठेवावा’ अशी टीप लावून ती परत आली. आता स्मरणिकेला काही द्यायचं नाही असं ठरवलंय. सूर माझा मीच ठेवते.

केंद्र कलबुर्गीत आहे. मी लागले तेव्हा सगळे गुलबर्गाच म्हणायचे. घराण्यात चालत येणारे आजार शोधायचे आणि त्यांच्या नोंदी ठेवायच्या, हे आमचं काम. मी मूळची औराद तालुक्यातल्या संतपूरची. बिदरला बी.एस्सी. केलं, बसस्टँडमागच्या एका क्लासात सहा महिने संगणक शिकले आणि अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर इथे चिकटले. मराठी, कन्नड, दखनी आणि कामापुरतं तेलुगू येतं, ही माझी खरी पात्रता. औरादकडच्या एखाद्या घरात आजी मराठीत बोलते, सून तेलुगूत उत्तर देते आणि शेजारी कन्नडमध्ये दुरुस्ती करतो. हे सगळं कागदावर उतरवून घेणारं माणूस त्यांना हवं होतं.

संगणक एकच होता, तोही कुठल्याशा मोठ्या शहरातल्या संस्थेने वापरून झाल्यावर आम्हाला दिलेला. त्याच्यासाठी काचेची खोली होती, एसी होता, चपला बाहेर काढायच्या होत्या. दसऱ्याच्या आयुधपूजेला त्याच्या डोक्यावर कुंकू लागायचं आणि पुढ्यात नारळ फुटायचा. मी बौद्ध घरातली, मी कुंकू लावणार नाही म्हटल्यावर मला लिंबं कापायला बसवलं. हीच मंडळी पुढच्या आठवड्यात गावोगाव जाऊन लोकांना अंधश्रद्धेवर व्याख्यान द्यायची. मला तेव्हाही राग यायचा, पण करारावरच्या माणसाने राग डब्यातल्या भाकरीबरोबर गिळायचा असतो.

आता इतिहासच हवा असेल तर सांगते. ही यंत्रं जीवशास्त्रासाठी जन्माला आलीच नव्हती. लढाया, जनगणना, कचेऱ्यांचे हिशेब यांच्यासाठी ती बनली. मग काही हुशार लोकांच्या लक्षात आलं की आई-बापाकडून मुलाकडे काय जातं, तोही हिशेबच आहे. त्याआधी माणसं मोठाल्या कागदांवर घराण्यांचे तक्ते काढून बोटांवर मोजत बसायची. यंत्र आल्यावर शंभर माणसांचं घराणंही त्यात घालता येऊ लागलं. आजार कुठून आला, पुढच्या मुलाला होण्याची शक्यता किती, हे ते सांगू लागलं. मला हे सगळं फार थोर वाटायचं. अजूनही वाटतं. थोर गोष्ट कुणाच्या हातात पडते, एवढाच माझा प्रश्न आहे.

आमच्याकडे जो प्रोग्रॅम होता तो समुद्रापलीकडे कुणीतरी लिहिलेला. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत आमच्यापर्यंत आला. त्यात प्रत्येक माणसाला एक नंबर द्यायचा आणि प्रत्येक पिढीची एक ओळ. नवरा-बायको एकाच ओळीत हवेत. आमच्याकडे मामाच्या पोरीशी लग्न होतं, ते त्याला चालायचं, कारण दोघं एकाच पिढीतली. पण आमच्याकडे आणखी एक रीत आहे. थोरल्या बहिणीची मुलगी धाकट्या भावाला द्यायची. हिंदू असोत, बौद्ध असोत, कन्नड बोलणारे असोत की मराठी, इकडे कुणाला त्यात वावगं वाटत नाही. बहिणीची पोरगी बाहेर कशाला घालायची, असं म्हणतात आणि बार उडवून देतात. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या गावात असलं लग्न नसावं. इथे एकच माणूस वरच्या ओळीत आईचा भाऊ असतो आणि खालच्या ओळीत मुलीचा नवरा. पडद्यावर चूक दाखवणारी ओळ यायची आणि पुढचं काही घ्यायलाच यंत्र तयार नसायचं.

प्रोग्रॅमबरोबर झेरॉक्स केलेलं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात यावर उपाय दिला होता. अशा माणसाला दोन नंबर द्यायचे, दोन्ही ओळींत बसवायचं आणि हे दोन्ही एकच आहेत हे सांगणारी एक खूण शेजारच्या रकान्यात करायची. मी तसंच केलं. पण खूण केली की हिशेब इतका फुगायचा की आमचं ते जुनं खोकं दोन-दोन दिवस एकाच घराण्यावर बसून राहायचं. मधे लाइट जायची, यूपीएस थोडा वेळ चिरचिरायचा आणि मान टाकायचा. पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या विभागाच्या प्रमुखांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. सरांना त्या हिवाळ्यात एका परिषदेत निकाल मांडायचे होते. त्यांनी मला बोलावून सांगितलं की खुणा काढून टाक. दोन नंबर राहू देत, दुसऱ्या नंबरचे आई-बाप कोरे सोड आणि नात्याच्या रकान्यात ‘नातं नाही’ भर. मोठं मशीन आलं की खुणा परत घालू. मी मान हलवली. एका दुपारी बसून औरादच्या, भालकीच्या, हुमनाबादच्या घराण्यांतल्या सगळ्या खुणा मी पुसल्या. यंत्र लगेच सुतासारखं सरळ चालायला लागलं. सरांनी सगळ्यांना मिरची-भजी मागवली.

सरांवर सगळं ढकललं तर सोपं होईल. पण मला त्या कामाचं वाईट वाटलं नव्हतं, उलट हायसं वाटलं होतं, हेही लिहायला हवं. बाहेरून आलेले तरुण संशोधक आमचे तक्ते बघून हसायचे. हा मामा आहे की नवरा, एकदा ठरवा, असं एकाने विचारलं होतं, आणि त्याच्याबरोबर मीही हसले होते. माझी थोरली बहीण माझ्या सख्ख्या मामाला दिलेली आहे, हे मी तिथे कुणालाही सांगितलं नव्हतं. माय सगळ्यांत मोठी आणि मामा सगळ्यांत धाकटा, अक्काहून सहाच वर्षांनी मोठा. लग्नात मीच करवली होते. केंद्रात मात्र कुणी विचारलं तर दाजी बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात आहेत, एवढंच सांगायचे. घरी ज्याला मामा म्हणत होते, त्याला ऑफिसात दाजी म्हणायला मी स्वतःच शिकले. दोन नंबर मी त्याला यंत्राच्या आधीच दिले होते.

अक्काचा मुलगा आठ वर्षांचा झाला तेव्हा बसच्या पायऱ्या चढताना पडायला लागला. बिदरमध्ये दोन-तीन डॉक्टर झाले, टॉनिकं झाली, मालिश झाली. शेवटी मीच त्यांना कलबुर्गीला बोलावलं. स्नायू हळूहळू निकामी होत जाण्याचा आजार निघाला. त्याला औषध नव्हतं. अक्काने हे ऐकून घेतलं, पदराने मुलाचं तोंड पुसलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की तिला दिवस गेलेत, तिसरा महिना लागायचाय. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं की पोटातल्या मुलालाही हे होईल का. होणार असेल तर ठेवायचं की नाही, हे तिला ठरवायचं होतं. त्यासाठी तिच्याकडे थोडेच दिवस होते.

तिच्या घराण्याचा अर्ज मीच भरला आणि संगणकात मीच घातला. मामाला वरच्या ओळीत नऊ नंबर दिला, मायचा भाऊ म्हणून. खालच्या ओळीत तेवीस दिला, अक्काचा नवरा म्हणून. खूण केली नाही. नात्याच्या रकान्यात तेच भरलं जे त्या महिन्यात सगळ्यांसाठी भरत होते.

महिन्यातून एकदा मोठ्या शहरातून एक तज्ज्ञ डॉक्टर यायचे. त्यांना इंग्रजी आणि थोडं हिंदी यायचं, आणि बाहेर रांग दारापर्यंत असायची. अक्का समोर बसली, मी दुभाषी म्हणून तिच्या खुर्चीला धरून उभी राहिले. दाराशी सर होते. डॉक्टरांनी छापील कागद बघितला. नवरा-बायकोत नातं नाही, असं ते इंग्रजीत मोठ्याने म्हणाले. मला विचारलं नाही, कागद वाचला. पुढे म्हणाले की मागे कुणाला हा आजार नाही, म्हणजे असं एखादंच मूल निघतं, पुन्हा होण्याची शक्यता फार कमी. मी अक्काला शेवटचं वाक्य मराठीत सांगितलं. पहिलं सांगितलं नाही.

कामून, असं मी स्वतःला किती वेळा विचारलंय. करार संपायला तीन आठवडे होते, म्हणून. पाहुण्या डॉक्टरांसमोर हा कागद चुकीचा आहे म्हटलं असतं तर तो कुणी केला हे निघालं असतं, म्हणून. नातं आहे म्हटलं असतं तर डॉक्टर वर बघून हसतील असं वाटलं, म्हणून. आणि एक अगदी मूर्ख कारण होतं, त्याचाच मला सगळ्यांत जास्त राग येतो. इतकं मोठं यंत्र, इतका हिशेब करतं, त्याला माझ्याहून जास्त कळत असेल, असं मला मनापासून वाटलं. त्याच्या पोटात खोटं मी माझ्या हाताने घातलं होतं, आणि तेच छापून बाहेर आलं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

अक्का हसत घरी गेली. मुलगी झाली. गोरीगोमटी, बडबडी. मामा कारखान्यातून आला की तिला खांद्यावर घेऊन अख्खी गल्ली फिरायचा. ती सात वर्षांची असताना मी उन्हाळ्याच्या सुट्टीत बिदरला अक्काकडे गेले होते. अंगणात ती सागरगोटे खेळत होती. खेळ संपला तशी ती उठली. आधी दोन्ही हात जमिनीला टेकले, मग गुडघ्यांवर ठेवले, मग मांड्यांवर, असं स्वतःच्याच अंगावर हात चढवत ती उभी राहिली. माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. अक्काला अजून कळलं नव्हतं. ती आतून विचारत होती की साखर कमी झाली का.

त्यानंतरची वर्षं मी सांगत बसत नाही. मुलगा आता अठ्ठावीसचा आहे आणि खाटेवर बसून लोकांचे मोबाइल दुरुस्त करतो. मुलगी एकोणीसची, कॉलेजात चाकाच्या खुर्चीतून जाते आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर ठेवणाऱ्यांशी भांडते. केंद्रात मोठं मशीन आलं. मग त्याहून मोठं आलं. आता तर मशीन आमच्या इमारतीतही नाही, कुठेतरी लांब आहे म्हणतात. प्रत्येक वेळी जुन्या नोंदी नव्यात ओतल्या गेल्या, आणि प्रत्येक वेळी सगळी माहिती जशीच्या तशी आली म्हणून अभिनंदनाचं पत्र निघालं. जशीच्या तशीच आली. खुणा परत घालायची आठवण सरांना झाली नाही, आणि मीही काढली नाही. तोवर मी कायम झाले होते.

गेल्या वर्षी दोन्ही मुलांचं रक्त जनुकांच्या तपासणीला गेलं. पूर्वी जे वर्षानुवर्षं चाललं असतं ते आता महिन्याभरात होतं. निकाल आला. दोघांमध्ये एकच बिघाड, आईकडूनही आलेला आणि बापाकडूनही. त्याखाली एक ओळ होती, की रक्तावरून आई-वडील जवळचे नातेवाईक असावेत असं दिसतं. यंत्राने न विचारताच ओळखलं. ज्या यंत्राच्या सोयीसाठी आम्ही ते लग्न पुसलं होतं, त्याच्याच पणतूने ते रक्तातून वाचून काढलं. आणि त्याखाली आमच्या केंद्रातल्या कुणीतरी शेरा मारला होता: ‘नोंदीत नातं नाही असं नमूद आहे. कुटुंबाने माहिती दडवली असण्याची शक्यता.’

केंद्रातल्या नव्या मुलीने अक्काला फोन करून कन्नडमध्ये समज दिली. खरी माहिती दिली असती तर वेळेवर सल्ला देता आला असता, लोकच असं लपवतात आणि मग डॉक्टरांना दोष देतात, वगैरे. अक्काने लगेच मला फोन लावला. “मी कामून लपवू गं? आख्ख्या संतपूरला म्हाईत हाय. मला कुनी इचारलंच न्हाई, आन् आता म्हनायल्यात मी लपवले.”

माझं डोकं फिरलं. जुनी नोंद मी उघडली. नऊ नंबर, तेवीस नंबर, मधे काही नाही. शेवटच्या रकान्यात नोंद करणाऱ्याचा सांकेतिक क्रमांक असतो. तो माझा होता. सर निवृत्त होऊन बेंगळुरूला मुलाकडे असतात, त्यांना फोन केला. ते आनंदाने बोलले. त्या वेळच्या मशीनची मर्यादा होती, सगळीकडे असंच करायचे, विज्ञान असंच पुढे जातं, असं म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग मी आत्ताच्या संचालकांकडे गेले. शेरा काढा, आणि त्या काळातली सगळी घराणी पुन्हा तपासा, असं सांगितलं. अक्कासारख्या किती जणी असा निकाल ऐकून हसत घरी गेल्या असतील, हे मला माहीत नाही आणि संचालकांना जाणून घ्यायचं नाही. शेरा बदलून त्यांनी ‘नोंदणीच्या वेळची तांत्रिक त्रुटी’ असं केलं. बाकीच्यासाठी मंजुरी लागते म्हणाले. तांत्रिक त्रुटी. म्हणजे कुणीच नाही. मी म्हटलं, त्रुटीला आई-बाप असतात, इथे माझा नंबर लिहिलाय. त्यांनी मला शांत व्हायला आणि पाणी प्यायला सांगितलं.

त्या रविवारी मी बिदरला गेले. मामा कारखान्यात होता. अक्का मुलीचे पाय मांडीवर घेऊन तेल लावत बसली होती. मुलीच्या कानात मोबाइलची बोंडं होती, ती काहीतरी ऐकत होती. मी अक्काला सगळं सांगितलं. प्रोग्रॅम, ओळी, दोन नंबर, खुणा, सरांची परिषद. तावातावाने सांगितलं. परदेशातल्या त्या लिहिणाऱ्याला शिव्या दिल्या, सरांना दिल्या, संचालकांना दिल्या. नातं कळलं असतं तर डॉक्टरांनी काय सांगितलं असतं, असं तिने विचारलं. चारातल्या एका मुलाला होतं, असं सांगितलं असतं, मी म्हटलं.

अक्काने तळहातावर तेल घेऊन वाटी माझ्याकडे सरकवली. मग मुलीकडे एकदा बघून हळू आवाजात म्हणाली, “ही नको हुती, असं माझ्या तोंडातून कधी यायचं न्हाई. चारात एक म्हनले असते तरी कदाचित मी हिला ठिवलीच असते. पर ठरवायचं माझं हुतं.”

मी पुन्हा मशीनचं सांगायला लागले. तिने मला थांबवलं.

“त्या मशीनला आमचं लगीन म्हाईत नव्हतं. डाक्टरला म्हाईत नव्हतं. त्या खोलीत म्हाईत असलेल्या दोघीच हुतो. मला इंग्रजी येत नव्हती.”

एवढं बोलून तिने मुलीचा दुसरा पाय मांडीवर घेतला आणि तेलाची वाटी माझ्याकडून मागून घेतली.